ठोकळ्यांवर उभा ट्रक

उन्हात तापलेल्या ताडपत्रीला स्वतःचा असा एक वास असतो. डांबर, जुनं तेल आणि विणीत कुठेतरी मुरून राहिलेलं मागल्या वर्षीचं पाणी यांचा मिळून झालेला तो वास चैत्रातल्या दुपारी आमच्या अंगणात इतका दाटून यायचा, की कुंपणालगतच्या कडुनिंबाच्या मोहरालाही त्याच्यापुढे माघार घ्यावी लागे. लातूरचा आमचा तो भाग तेव्हा विरळ वस्तीचा होता. पश्चिमेला डाळमिलच्या पत्र्याच्या शेडपर्यंत नजरेला अडवणारं काही नव्हतं, वारा फिरला की तिकडून तुरीच्या टरफलांची पिवळी धूळ येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, आणि त्या सगळ्या उजेडाच्या मधोमध सागवानी ठोकळ्यांवर, चाकं काढलेला, आमचा ट्रक उभा असायचा. येणारा-जाणारा थबकून विचारायचा, की सर, हे काय मांडलंय? मी तोंड उघडण्याआधीच माझा मित्र व्यंकट ट्रकखालून ओरडायचा, "प्रदर्शन हाय, तिकीट काढा."

ट्रक मिलिटरीचा होता. लष्कराने कधीकाळी लिलावात काढलेला, बसक्या नाकाचा, रुंद छातीचा, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेला. किनवटच्या एका लाकूड-ठेकेदाराने तो घेतला होता आणि माझा दुसरा मित्र रशीद याचे वडील, पाशाचाचा, त्यावर ड्रायव्हर होते. इस्लापूरच्या पलीकडच्या रानातून सागाचे ओंडके भरून आणायचे, सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज कानावर घेत चिखलाच्या चढणीला गाडी घालायची, आणि जिथे इतर गाड्या हात टेकतात तिथे सीटशेजारचा छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांनाही कामाला लावायचं, यात त्यांचं तारुण्य गेलं होतं. "बाकी गाडियां पीछेसे ढकलते, बेटा," ते म्हणायचे, "ये तो आगेसे हात पकडके खींचती भी." पुढे ठेकेदारी बुडाली, चाचा लातूरला घरी परतून मुलाच्या गॅरेजात बसू लागले, आणि ट्रक नांदेडच्या एका भंगाराच्या आवारात जाऊन पडला. सुटे भाग शोधायला गेलेल्या रशीदला तो बोरीच्या झुडपांत अर्धा बुडालेला दिसला. डाव्या मडगार्डवर त्याच्या अब्बांनी स्वतःच्या हाताने ठोकलेलं पत्र्याचं ठिगळ होतं, त्यावरून ओळख पटली.

तो घरी आणण्याचा वेडेपणा आम्ही का केला, याचं कारण एका वाक्यात मावेल एवढं होतं. चाचांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं, उरलेलंही हळूहळू जाणार आणि गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एका रविवारी रशीद आमच्या ओट्यावर येऊन बसला, बराच वेळ पायातली चप्पल उलटी-सुलटी करत राहिला आणि म्हणाला, "अब्बाकी नजर है तब तक एक बार चलाने देना है यार. बस एक बार." त्याच्या गॅरेजात जागा नव्हती, व्यंकटच्या घरी तर माणसांनाच जागा नव्हती, माझ्याकडे मात्र वडिलांनी हौसेने बांधलेलं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आणि त्याच्या तिप्पट अंगण होतं. वडील गेल्यापासून त्या अंगणात माय आणि मी अशी दोनच माणसं वावरत होतो.

रशीद इंजिनाचा माणूस, व्यंकट डाळमिलमधला फिटर, आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा, म्हणजे या कामाच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी. "सर, तुम्ही नुसती बॅटरी धरा," व्यंकट म्हणायचा, "आन् सिद्धान्त मनातल्या मनात म्हना." मी बॅटरीचा झोत धरायचो. रॉकेलच्या डब्यात भिजत घातलेले नट-बोल्ट, सँडपेपरखाली गंज जाऊन हळूच उजळणारा लोखंडाचा निळसर रंग, एखादा जाम बसलेला बोल्ट अखेर सुटतो तेव्हा होणारा तो कुरकुरता, जवळजवळ मानवी आवाज, या सगळ्यात आमचे रविवार विरघळून गेले. इंजिन उतरवून रशीदने गॅरेजात नेलं. हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, व्यंकटने नव्या फळ्या घालून उभा केला आणि त्यावर कमानी टाकून ताडपत्री ओढली. चाचा बाजेवर बसून रानातल्या गोष्टी सांगायचे.

त्या गोष्टींना खरी श्रोती होती ती माय. तिचं माहेर देवणीचं, आणि चाचांच्या रानात ओंडके ओढायला देवणीचेच बैल असायचे. त्यामुळे दोघांचं बोलणं बैलांच्या कानांच्या आकारावरून सुरू व्हायचं आणि दिवेलागणीपर्यंत पुरायचं. चाचा दखनीत बोलायचे, माय देवणीच्या मराठीत. दोघांपैकी कुणीही आपली बोली सोडायची तसदी घेत नसे आणि दोघांचंही कधी अडत नसे. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मग तो भूकंप झाला. त्या पहाटेबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, आणि आमच्या लातूरच्या घराचं म्हणाल तर एका भिंतीला बारीक तडा जाण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण मायची धाकटी बहीण औशाच्या पुढच्या एका खेड्यात, दगडी भिंतींवर मातीचं जड छत असलेल्या माळवदाच्या घरात राहत होती. मी आणि व्यंकट मायला घेऊन तिथे गेलो. काय पाहिलं ते लिहायचं नाही, असं मी फार पूर्वीच ठरवलं आहे. माय चौदाव्याला तिथून परत आली ती घराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, वर स्लॅबकडे पाहिलं, आणि वळून सरळ ट्रकच्या हौद्यात चढली.

सुरुवातीला त्यात वावगं काही नव्हतं. सगळं गावच तेव्हा अंगणात, रस्त्यावर, मैदानात निजत होतं. मोठमोठे वकील-डॉक्टर चादरीच्या तंबूंत राहत होते आणि त्यांच्या मानाने मायचा ट्रक म्हणजे बंगलाच होता. जमीन अधूनमधून हुंकार द्यायची, भांडी किणकिणायची. हळूहळू हुंकार कमी झाले, थंडी पडली, लोक एकेक करून छपराखाली परतले. माय परतली नाही. तिने हौद्यात चटई अंथरली, कमानीला कंदील टांगला, एका कोपऱ्यात देव मांडले, फळ्यांच्या फटीत उदबत्ती खोचायला जागा केली. मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला. स्लॅब वेगळा, माळवद वेगळं; सळ्या असतात, भार वाटला जातो, वगैरे. वर्गात साठ पोरांना जे पाच मिनिटांत पटायचं ते तिला वर्षभरात पटलं नाही. "छत म्हंजे काय रं," ती म्हणायची, "उचलून धरलेला दगूडच की. हात कवा सुटंल, कोन सांगावं?"

ट्रकचं काम आम्ही चालूच ठेवलं होतं, जरा बेताबेताने. आणि एका सकाळी, गाडीचा भार पेलणाऱ्या मागच्या कमानपाट्याची गंजून बसलेली खीळ काढायला रशीदने घण घातला. एकच घाव. सबंध हौदा थरथरला. आत माय सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती कशी खाली आली ते कुणी पाहिलं नाही. आम्ही पाहिलं तेव्हा ती अंगणाच्या मधोमध अनवाणी बसली होती, दोन्ही तळवे मातीवर टेकून, आणि बिथरलेल्या जनावराला थोपटावं तशी जमिनीला थोपटत होती. "थांब माय, थांब," ती मातीला म्हणत होती, "थांब गं बाई." हौद्याला लावलेल्या पायऱ्यांवर तांदूळ सांडले होते. रशीदने घण इतक्या हळू खाली ठेवला की त्याचा आवाज झाला नाही. चाचांना नीट दिसलं नसावं, पण ऐकू आलं होतं. "अब कोई हात नक्को लगाओ," ते म्हणाले, "भाभीका घर है वो."

त्या दिवसापासून ते आमच्या फाटकापाशी आले की आधी खाकरायचे. माणसं परक्याच्या दारात, आत बाईमाणूस असेल म्हणून खाकरतात, तसे. ट्रकजवळ जाण्याआधी "भाभी, आऊं क्या?" असं विचारायचे. व्यंकट गालात हसायचा, पण तोही पुढे पुढे चप्पल काढून ट्रकखाली शिरू लागला.

बहिणीच्या वर्षश्राद्धाला माय गावी गेली तेवढ्या अवधीत आम्ही उरलेलं सगळं उरकलं. ठोकून, खेचून, चोरासारखं. इंजिन बसलं, चाकं बसली, तारा जोडल्या गेल्या. रशीदने हँडल मारून इंजिन चालू केलं तेव्हा निळ्या धुराचा एक लोट कडुनिंबात जाऊन अडकला आणि चाचांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ठोकळे मात्र आम्ही काढले नाहीत; भाभीला न विचारता तिचं घर हलवायला चाचा तयार नव्हते. माय चढता-उतरताना गाडी डुलू नये म्हणून ते चासीखाली तसेच ठेवून दिले. आता उरलं होतं ते एवढंच, की मायने एखादा दिवस खाली उतरावं आणि चाचांनी गाडी काढावी. त्यांना तेव्हा समोरचं अजून दिसत होतं. नळकांड्यातून पाहिल्यासारखं, पण दिसत होतं.

माय परतली. पुढची चाकं पाहिली, बॉनेटवरून हात फिरवला, चहा टाकला. बाजेवर बसलेल्या चाचांना बशी देताना तिनेच विषय काढला. "मग भाईसाब, कवा नेता गाडी?" चाचांचा चेहरा उजळला. "बस भाभी, परसों ले जाता मैं," ते म्हणाले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या भागातल्या दखनीत आज म्हणजे आज, काल म्हणजे काल, आणि त्यापलीकडचं मागचं-पुढचं जे काही असेल ते सगळं परसों. रशीदचं लग्न परसों झालं, त्याची थोरली लेक परसों जन्मली, निजामाची सत्ताही परसोंच गेली, आणि कयामत येईल तीसुद्धा परसोंच. त्या शब्दात दिवस मोजलेला नसतो. त्यात फक्त एक प्रसन्न खात्री असते, की होईल, होणार आहे. मी लहानपणापासून रशीदच्या घरात जेवलेला माणूस, माझ्या कानाला त्यात काही खटकलं नाही. पण मायच्या मराठीत परवा म्हणजे उद्याच्या पुढचा दिवस.

दोन दिवसांनी दुपारी मी कॉलेजातून आलो तेव्हा ट्रकचा मागचा फाळका पाडलेला होता. हौदा रिकामा होता, फळ्या धुतलेल्या होत्या, ओल्या लाकडावर ऊन चमकत होतं. बॉनेटवर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटली होती. घराच्या ओट्यावर मायचं अंथरुणाचं गाठोडं, कंदील, देवांची पेटी रांगेने मांडून ठेवली होती आणि त्यांच्या शेजारी, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, माय फाटकाकडे तोंड करून बसली होती. "आज न्यायची न्हवं गाडी?" ती म्हणाली. "भाईसाब म्हनले, परवा. सकाळधरनं वाट बघून राहिले."

मला क्षणात उलगडा झाला. सायकल काढून मी गॅरेजात गेलो. चाचा गावात नव्हते. उदगीरला भाचीच्या लग्नाला गेले होते, चार दिवसांनी येणार होते. रशीदने कपाळावर हात मारून घेतला. मी परत येऊन मायला सांगितलं, की त्यांच्या बोलण्यात परसों म्हणजे कधीतरी; त्यांनी दिवस दिलाच नव्हता. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिन्हीसांजेला कडुनिंबावर चिमण्यांचा गलका चालू असताना ती उठली, गाठोडं उचललं आणि एकेक वस्तू पुन्हा हौद्यात नेऊन ठेवू लागली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मग फाळक्याशी थांबून, माझ्याकडे न बघता, "आज आत निजनार होते मी. जीव मुठीत धरून, पर निजनार होते." एवढं बोलून ती वर चढली.

त्यानंतर आजवर कितीतरी माणसांना मी कितीतरी गोष्टी अचूक सांगितल्या असतील, पण तिचं ते वाक्य आठवलं की मला शब्दांचंच भय वाटतं. चार दिवसांनी चाचा आले. रशीदने त्यांना वाटेत सगळं सांगितलं असणार, कारण ते नेहमीच्या दुप्पट खाकरले. ट्रकपासून दोन हात लांब उभे राहून म्हणाले, "भाभी, हमारी जबानच ऐसी है. माफ करना." माय पदर सावरून फाळक्याशी आली. तिच्या मनात राग नव्हता. होती ती लाज, आपण नटूनथटून बसलो याची. "असू द्या भाईसाब," ती म्हणाली, "तुम्ही म्हनाल तवा उतरते मी." आणि चाचा घाईघाईने उत्तरले, "नै नै, तुम बोलेंगे तब. तुम बोले बगैर मैं हातच नै लगाता."

झालं. दोघांनीही दिवस ठरवायचा अधिकार एकमेकांना देऊन टाकला, आणि दोघांपैकी कुणीही तो वापरला नाही. चाचा यायचे, बैलांबद्दल बोलायचे, रानाबद्दल बोलायचे, गाडीबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. कारण काढला असता तर भाभीला घरातून ऊठ म्हटल्यासारखं झालं असतं. माय वाट पाहायची, की त्यांनी एकदा तरी विचारावं; आपण होऊन उतरावं तर पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसायची पाळी. आम्ही तिघं मध्ये होतो. तुम्ही म्हणाल, तुम्ही एक शब्द बोलायला काय हरकत होती? बोललो की. रशीद बापाशी बोलला, मी मायशी बोललो. ती म्हणाली, "त्यांनी म्हनू दे." ते म्हणाले, "उन्होंने बोलने दो." इतकी चांगली माणसं होती दोघं, की त्यांच्या चांगुलपणाला कुठून हात घालावा हेच कळत नव्हतं. चाचांच्या डोळ्यांपुढच्या नळकांड्याचं तोंड बारीक बारीक होत गेलं.

दरम्यान गाव बदलत होतं. लातूरच्या निकालांची कीर्ती पसरली आणि नांदेड, बीड, परभणीकडून येणाऱ्या एसट्या पोरा-पोरींना त्यांच्या लोखंडी ट्रंकांसकट उतरवू लागल्या. गल्लीगल्लीत क्लास निघाले, घराघरात मेस निघाल्या, सायकलींच्या हँडलला जेवणाचे डबे लटकू लागले. मीही सकाळी एका क्लासात शिकवायला जाऊ लागलो. खोटं कशाला बोलू, माझा भाव वधारला होता. आमच्या दोन्ही बाजूंचे रिकामे प्लॉट विकले गेले आणि तिथे पोरांना राहायच्या इमारती उठल्या, पहिल्यांदा पूर्वेला, मग पश्चिमेला. डाळमिलची शेड दिसेनाशी झाली. दगड-विटांचे मजले एकावर एक चढत गेले, सज्ज्यांवर ओले टॉवेल आले, आणि पहाटेपासून सूत्रांची घोकंपट्टी वरून अंगणात गळू लागली. ज्या जिल्ह्याने छतांखाली माणसं गाडलेली पाहिली, तोच जिल्हा छतांवर छतं टाकत सुटला होता, आणि त्याला दोष तरी कसा देणार. जगायचं तर होतंच. आमच्या अंगणात ऊन आता दुपारचं तेवढं यायचं. ताडपत्री वाळेनाशी झाली, तिच्या घड्यांना शेवाळ धरलं.

एका सकाळी माय गाठोडं घेऊन खाली आली आणि सरळ घरात गेली. मी दाढी करत होतो, तसाच साबण लावलेल्या तोंडाने मागे गेलो. तिने गाठोडं आतल्या खोलीत, नेमकं त्या तड्याच्या भिंतीशी ठेवलं होतं. "तितं निजलं काय आन् हितं निजलं काय," ती म्हणाली. "दोनी बाजूंनी डोंगर उभे केलेत मेल्यांनी. पडायचंच म्हनलं तर तेच पडतील माझ्यावर." मला आनंद व्हायला हवा होता, इतकी वर्षं मी हेच तर मागत होतो. पण तिची भीती गेली नव्हती. तिला फक्त पळून जायला जागा उरली नव्हती.

आणि चाचांना तोवर उजेड कुठून येतो एवढंच कळायचं.

तरीही आम्ही ठरवलं. रशीद म्हणाला, गायरानात नेऊ, तिथे आदळायला काही नाही. मी शेजारी बसतो, डावं-उजवं सांगतो, क्लच-गिअर अब्बांच्या पायात आहेच. चाचांना विचारलं तर ते शर्ट बदलून आले. ठोकळे काढले. त्यांच्या जागी अंगणात पांढरट, गवत नसलेले चौकोन राहिले. निघताना माय म्हणाली, "मी बी येते," आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत फाळक्यावर पाय देऊन हौद्यात चढून आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसली. तिचीच तर जागा होती ती. रस्त्याने रशीदने गाडी चालवली. मी आणि व्यंकट तिच्यासमोर बसलो होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहत होतो. गाडी थरथरत होती, फळ्या खडखडत होत्या, कंदिलाचा रिकामा आकडा कमानीवर आपटत होता. तिने एका हाताने कडेची फळी घट्ट धरली होती, ओठ मिटले होते, पण ती बसून होती.

गायरानावर हिवाळ्यातली तिसऱ्या प्रहरची उन्हं पसरली होती. वाळलेल्या कुसळी गवताला त्या वेळी एक सोनेरी मवाळपणा येतो, दूरवर एखाददुसरं बाभळीचं झाड आपल्या सावलीपेक्षा लहान दिसतं, आणि वाऱ्यात करडईच्या पानांचा उग्र हिरवा वास असतो. रशीदने गाडी थांबवली. चाचा सरकून स्टिअरिंगमागे बसले, रशीद त्यांच्या डाव्या हाताला. व्यंकट आणि मी उड्या मारून खाली उतरलो आणि बाजूला जाऊन उभे राहिलो. इंजिन चालूच होतं. चाचांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, मग उजवा तसाच ठेवून डाव्याने चाचपत आधी गिअरचा दांडा शोधला, मग तो छोटा दांडा. त्यांचा चेहरा इतका तरुण मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी मान किंचित वळवून विचारलं, "पीछे कौन है?"

"मावशी है, अब्बा," रशीद म्हणाला. मायला तो मावशीच म्हणायचा.

चाचांचा हात दांड्यावर थांबला. मागून मायचा आवाज आला, मोठा, उत्साहाचा, "मी हाय भाईसाब! चला तुम्ही. बिनघोर चला, मी बसलीय."

कितीतरी वेळ गेला असं मला वाटतं, प्रत्यक्षात फार गेला नसेल. इंजिन संथ धडधडत होतं, त्याबरोबर हौदा थरथरत होता, आणि त्या थरथरत्या हौद्यात, जिच्या एका थरथरीपायी आमचं सगळं काम थांबलं होतं ती बाई आपण होऊन बसली होती, आंधळ्या माणसाला चला म्हणत होती. तिला वाटत होतं, आपण त्यांचं देणं फेडतो आहोत. आणि चाचा जन्मभराचे ड्रायव्हर होते. रिकामी गाडी त्यांनी त्या माळावर वाटेल तिथे घातली असती, रशीदला घेऊनही घातली असती. पण मागे विश्वासाने बसलेलं माणूस असताना दिसत नसलेल्या वाटेवर गाडी घालणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. रशीदने माझ्याकडे पाहिलं, मी व्यंकटकडे. एकच वाक्य हवं होतं: माय, जरा खाली ये. इतक्या वर्षांत ते वाक्य मी तिला किती वेळा म्हटलं असेल! त्या घटकेला ते आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून निघालं नाही. कसं निघणार? तिला काय सांगून उतरवायचं होतं?

चाचांनी बोटांनी चाचपून इंजिन बंद केलं. एकदम सगळ्या गायरानाची शांतता अंगावर आली. "इंजन गरम हो रा," ते म्हणाले, "रशीद, तूच ले चल." ते सरकून मूळच्या जागी गेले आणि काचेतून समोर बघत बसले.

पुन्हा कधी तो योग आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. ट्रक रशीदने काही वर्षं ठेवला आणि मग एका हौशी माणसाने येऊन नेला. माय त्यानंतर पुष्कळ जगली, स्लॅबखालीच निजत. आता अंगणात माझ्याच हाताने बांधलेली एक दुमजली इमारत आहे, तिथे पोरं राहतात, आणि क्लासला जाताना मला नमस्कार करतात.

त्या दिवशी परतताना मी हौद्यात मायच्या शेजारी बसलो होतो. उन्हं कलली होती, वाऱ्यात गारवा आला होता. शहराची पहिली घरं दिसू लागली तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "मी बसलेलं भाईसाबला आवडलं न्हाई का रं?"

मी म्हणालो, "इंजिन गरम झालं होतं, माय."

तिने मान हलवली. तिला ते पटलं, की पटल्यासारखं तिने माझ्यासाठी दाखवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.